सहज, सायकलवरून

भाऊसाहेबांच्या घराण्यात दागदागिने, जमीनजुमला असलं काही वाडवडिलांकडून चालत आलेलं नाही. आलं आहे ते एक वाक्य. "काही नाही, सगळं ठीक आहे." त्यांच्या वडिलांनी जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला तेव्हा प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून त्यांनी फोनवर हेच सांगितलं होतं. खुद्द भाऊसाहेबांनी अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना स्ट्रेचरवरून बायकोला हेच सांगितलं आणि वर "तू जेवून घे" असंही म्हणाले. बायको मात्र निराळ्या घरातून आलेली. तिच्या माहेरी कुणाला शिंक आली तरी चार घरी कळवायची पद्धत. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य कानावर पडलं की ती आधी मटकन खाली बसते आणि मग विचारते, "कुणाला काय झालं?"

तर चक्रीवादळ होऊन गेल्यावर, किनाऱ्यावरच्या गावातून अक्काचा फोन आला तेव्हा भाऊसाहेब खुर्चीत होते आणि बायको जमिनीवर.

अक्का म्हणजे भाऊसाहेबांची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटी राहते, घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. वादळानंतर कितीतरी दिवस तिचा फोन लागत नव्हता. शेवटी कुणाच्यातरी फोनवरून ती बोलली. "काही नाही रे छोट्या, सगळं ठीक आहे. थोडा वारा होता." एवढं बोलून तिने फोन ठेवला, कारण फोन दुसऱ्याचा होता. टीव्हीवर त्याच गावच्या बाजारात भर चौकात एक मोठी होडी बसलेली दाखवत होते. थोडा वारा होता, आणि होडी चालत बाजारात आली होती.

भाऊसाहेबांना जायला तर हवं होतं, पण जायचं कसं? रस्त्याचा प्रश्न फार मोठा नव्हता. अक्काने जन्मात कुणाची मदत घेतलेली नाही, हा खरा प्रश्न होता. मागे एकदा तिचं शिलाई मशीन मोडल्याचं कळलं तेव्हा भाऊसाहेबांनी मोठ्या हौसेने नवं मशीन पाठवलं होतं. आठवड्याभरात ते परत आलं. त्यावर सुरेख खोळ शिवलेली होती. एकदा एक मोठा पंखा पाठवला. तोही खोळ घालून परत आला. भाऊसाहेबांच्या घरात अक्काने शिवलेल्या खोळींचा एक कप्पाच आहे. अक्काने खोळ शिवली म्हणजे वस्तू परत आलीच म्हणून समजा. "मदतीला आलो" असं म्हटलं असतं तर तिने चहा पाजून, पाठीवरून हात फिरवून त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं.

"सरळ जा आणि सांगा, काळजी वाटली म्हणून आलो," बायको म्हणाली.

तिने शर्ट न घालता बाहेर जायला सांगितलं असतं तरी भाऊसाहेब एवढे दचकले नसते. "असं कुणी तोंडावर बोलतं का?" ते म्हणाले. "सहज गेल्यासारखं जायला हवं."

आता सहज जायचं म्हणजे पंचाईत होती. बसगाड्या नदीपर्यंतच जात होत्या. पुढचा पूल वाहून गेलेला, तिथे लाकडी पूल बांधला होता, त्यावरून पायी माणसं आणि दुचाक्या तेवढ्या सोडत. दोन बस बदलून, पूल ओलांडून, चिखल तुडवत आलेला माणूस "सहज आलो" म्हणाला तर अक्का त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. त्यावर विचार करता करता भाऊसाहेबांना सायकलवाले आठवले. काही माणसं सायकल घेऊन काहीही कारण नसताना शेकडो मैल जातात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. फोटोत ती माणसं हसतही होती. असा माणूस कुठेही उगवू शकतो आणि कुणी त्याला का म्हणून विचारत नाही. "सायकलवरून चाललो होतो, वाटेत तुझं घर लागलं." वाक्य तयार झालं. आता फक्त सायकल हवी होती, आणि चालवणारा.

सायकलच्या दुकानात भाऊसाहेबांनी काळी, कॅरियरची, स्टँडची सायकल मागितली. दुकानदाराने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ते दौत-टाक मागत आहेत. त्याने जी सायकल काढली तिला सगळं होतं आणि काहीच नव्हतं.

"स्टँड?"

"स्टँड नसतो काका. उगाच वजन वाढतं."

भाऊसाहेबांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मग उभी कशी करायची?"

"भिंतीला टेकवायची. भिंत काय, कुठेही असते."

सीट पाहून भाऊसाहेबांना वाटलं की खरी सीट नंतर बसवणार असतील. हीच खरी सीट, असं कळल्यावर त्यांनी तिच्यावर बसून पाहिलं आणि लगेच उतरले. त्यावर उपाय म्हणून दुकानदाराने मागे गादी शिवलेली एक घट्ट विजार दाखवली. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने असलं काही अंगात घालावं हा काळाचा महिमा, असं म्हणत त्यांनी ती विकत घेतली आणि वर आपली नेहमीची पँट घालायचं ठरवलं. त्यामुळे त्यांची चाल बदलली, ती मात्र सगळ्या सोसायटीच्या लक्षात आली.

सराव सोसायटीच्या मागच्या गल्लीत करायचा ठरला होता, गुपचूप. पण गल्लीवर सोसायटीच्या निम्म्या खिडक्या उघडतात. तिसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरींनी गाठलं. सोसायटीचे सेक्रेटरी हा भला माणूस आहे, फक्त कुठल्याही गोष्टीचा कार्यक्रम केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पाण्याची टाकी धुतली तरी ते दोन शब्द बोलतात.

"भाऊसाहेब, सायकल कशासाठी?"

"काही नाही, सहज. किनाऱ्याकडे एक चक्कर मारावी म्हणतो."

"किनाऱ्याकडे? म्हणजे वादळग्रस्त भागात? सायकलवर? एकटे?" 'एकटे' म्हणताना सेक्रेटरींनी डोळ्यांना रुमाल लावला. "आणि आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीत!"

"अहो, तसं काही नाही, सहज..."

"हाच तो विनय!" सेक्रेटरी म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. भाऊसाहेब दोन्हीकडून अडकले. खरं सांगावं तर घराण्याची रीत मोडत होती आणि खोटं तर आता सोसायटीचं झालं होतं.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी वाऱ्याची दिशा समजावून सांगितली आणि वारा नेहमी पाठीवर घ्यावा असं बजावलं, जसं काही वारा भाऊसाहेबांना विचारून वाहणार होता. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यांचं मला कळत नाही, पण पडलात तर तोंडावर पडू नका," आणि टूथब्रशांचं एक खोकं आणून ठेवलं. प्रत्येक ब्रशावर त्यांच्या दवाखान्याचा फोन नंबर छापलेला. तळमजल्यावरच्या काकूंनी घरोघर फिरून लोकरीचे स्वेटर गोळा केले. किनाऱ्यावर बारा महिने घाम निथळतो हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. सेक्रेटरींनी भला मोठा कापडी फलक रंगवून घेतला, 'वादळग्रस्तांसाठी सायकल', आणि तो स्वतःच्या हातांनी सायकलच्या मागे बांधला.

निरोपाच्या कार्यक्रमाला सेक्रेटरी म्हणाले, "ज्या माणसाने तीस वर्षं पाणीपुरवठ्याची सेवा केली..." तेव्हा मागून कुणीतरी "तरी पाणी येत नव्हतं" असं म्हणालं आणि त्याला सगळ्यांनी गप्प केलं. फोटो झाला. मग निघायची वेळ आली आणि एक अडचण लक्षात आली. मागे स्वेटरांचा एवढा डोंगर झाला होता की त्यावरून पाय टाकून भाऊसाहेबांना बसताच येईना. एकदा पाय टाकला, तो स्वेटरांत अडकला. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी पाय धरला. शेवटी भाऊसाहेबांनी सायकल हातात धरून, मान ताठ ठेवून, कोपऱ्यापर्यंत चालत जायचं ठरवलं. टाळ्या वाजत होत्या. बायको तेवढी वाजवत नव्हती. ती कोपऱ्यापर्यंत बरोबर आली, तिने तिथे सायकल तिरकी धरली, ते बसले.

"पोचल्यावर फोन करा," ती म्हणाली. "आणि खरं काय ते सांगा. नाहीतर मी तिथे येऊन धडकेन."

प्रवासाचं काय सांगावं? चढ लागला की भाऊसाहेब उतरायचे आणि उतार लागला की घाबरून उतरायचे, त्यामुळे सपाट रस्ता तेवढा सायकलवरून झाला. मुक्कामाच्या लॉजवर मॅनेजरने गाडीचा नंबर विचारला. सायकल आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "असू दे, पण नंबर घातल्याशिवाय खोली देता येत नाही." अशा माणसाशी भाऊसाहेब वाद घालणार नव्हते. आयुष्यभर ते स्वतः असेच होते. त्यांनी आपल्या जुन्या टेबलाचा फोन नंबर सांगितला, तो मॅनेजरने समाधानाने लिहून घेतला. पहाटे अंग असं आंबलं होतं की कोणता अवयव दुखत नाही तेच शोधावं लागलं. पण अक्काचा तो "थोडा वारा" आठवला की ते पुन्हा त्या सीटवर चढत. सेक्रेटरींचा फलक त्यांनी एव्हाना सोडून चारपदरी घडी करून सीटवर घातला होता. एकतर अक्काने तो वाचला असता तर सगळंच संपलं असतं, आणि दुसरं म्हणजे त्याचं कापड जाड होतं.

नदीच्या अलीकडे देखावा बदलला. विजेचे खांब कंबरेत वाकून उभे होते, झाडं मुळं वर करून पडलेली. लॉजच्या बाहेर पडल्यापासून भाऊसाहेब थांबायला भिंत शोधत होते आणि आता त्यांच्या लक्षात आलं की या भागात सायकल टेकवायला भिंतच राहिलेली नाही. विश्रांतीला थांबायचं तरी सायकल हातात धरून उभं राहायचं. असं बराच वेळ चालल्यावर त्यांनी एका आडव्या झाडाला वळसा घालताना तोल गमावला आणि ते, सायकल आणि सोसायटीचे स्वेटर, सगळे मिळून चिखलात गेले. डॉक्टरांचा सल्ला ऐन वेळी आठवला म्हणून तोंड वाचलं. गुडघा फुटला, पँट फाटली आणि आतली गादीची विजार जगाला दिसू लागली.

लाकडी पुलाच्या तोंडाशी मदतकेंद्राचा तंबू होता. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांच्याजवळ दोन रंगांच्या फितींची भेंडोळी होती. मदत करायला आलेल्यांच्या दंडाला हिरवी, वादळात सापडलेल्यांच्या दंडाला पिवळी. फितीशिवाय पुलावर पाऊल नाही.

"कुठल्या संस्थेकडून?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"संस्था वगैरे नाही. सायकल सहलीला आलोय. सहज."

बाईंनी मान वर केली. चिखलाने माखलेला, एका पँटमधून दुसरी विजार दिसणारा, थरथरता वयस्कर माणूस. त्यांनी शेजारच्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "धक्का बसलाय."

"मला धक्का बसलेला नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मी शुद्धीवर आहे. मी हेडक्लार्क होतो."

"बसा काका. कुठे लागलंय का?"

"काही नाही, सगळं ठीक आहे."

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "तिकडे घरचं कोण आहे?"

भाऊसाहेब एका घोटात पाणी प्यायले. कुणी इतकं साधं विचारेल अशी त्यांची तयारी नव्हती. "बहीण आहे," ते म्हणाले. "एकटीच असते. शिवणकाम करते. घर कसं आहे मला माहीत नाही. ती सांगत नाही." शेवटच्या शब्दाला आवाज फुटला, म्हणून त्यांनी रिकाम्या पेल्यातून आणखी एक घोट घेतला.

"शिवणवाल्या अक्का?" बाई एकदम ताठ झाल्या. "अहो, त्यांचं सामान केव्हाचं पडून आहे इथे! छप्पर उडालेल्यांना ताडपत्री मिळते. तीनदा निरोप पाठवला. दर वेळी एकच उत्तर, 'काही नाही, सगळं ठीक आहे, गरज असेल त्याला द्या.' आणि तुम्ही त्यांचे भाऊ! आत्ता कळलं." त्या उठल्या. "म्हणजे तुम्ही एकाच घरातले ना?"

नियमाने पाहिलं तर नव्हते. अक्काचं लग्न झालं तेव्हापासून ती दोघं एका घरात राहिलेली नव्हती. खात्यात असते तर भाऊसाहेबांनी या मुद्द्यावर अर्ज परत पाठवला असता. पण ते म्हणाले, "हो. एकाच घरातले." बाईंनी त्यांच्या दंडाला पिवळी फीत बांधली. मग ताडपत्री, दोरखंड, घोंगडी आणि बादली त्यांच्या हवाली केली. भाऊसाहेबांनी टूथब्रशांचं खोकं टेबलावर ठेवलं, तेव्हा बाई खरोखर खूश झाल्या. "घोंगड्या ढीगभर आल्यात, पण ब्रश एकानेही पाठवले नव्हते," त्या म्हणाल्या. काही दिवसांनी दातांच्या डॉक्टरांना त्या मुलखातून इतके फोन येऊ लागले की त्यांनी नंबर बदलला, पण ते पुढचं.

पिवळी फीत बांधून सायकल चालवणं हा अनुभव काही निराळाच होता. तीस वर्षं लोकांनी भाऊसाहेबांना पाहून तक्रारी केल्या होत्या. इथे त्यांना पाहून लोक हळहळत होते. न्हाव्याचं दुकान उडून गेलं होतं, खुर्ची आणि आरसा वाचला होता. त्याने आरसा एका फांदीला टांगून धंदा सुरू केला होता. त्याने भाऊसाहेबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि चिखलासकट दाढी काढली. "पैसे राहू द्या बाबा. आधी सावरा." स्वतःची भिंत रचत असलेल्या एका गवंड्याने त्यांना कंदील देऊ केला. एकीने गरम भात वाढला आणि ते जेवत असताना त्यांची पँट शिवून दिली. ती अंगात असतानाच, कारण दुसरी नव्हती. भाऊसाहेब प्रत्येकाला "काही नको, सगळं ठीक आहे" म्हणाले आणि दर वेळी समोरच्याचे डोळे भरून येऊन सामानात एका वस्तूची भर पडली. मदत वाटायला निघालेल्या माणसाला वादळात सापडलेली माणसंच मदत वाटत होती. बाजारात ती होडी अजून बसलेली होती. वाहतूक पोलीस तिच्यावर चढून शिट्टी वाजवत होता. भाऊसाहेबांचा अपमान म्हणावा तर झाला होता, पण ते पुनःपुन्हा नाक शिंकरत होते आणि त्याचं कारण सर्दी नव्हतं.

अक्काचं घर आलं. पुढची भिंत जाग्यावर होती. भाऊसाहेबांनी सायकल तिला टेकवली आणि त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडला. आतून मशीनचा आवाज येत होता. त्यांनी केस सारखे केले, घसा खाकरला आणि तीन दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं.

"सायकलवरून चाललो होतो. वाटेत तुझं घर लागलं, म्हटलं सहज डोकवावं."

मशीन थांबलं. अक्का दारात आली. वाळलेली, केस जास्तच पांढरे झालेले. तिने भावाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. फुटका गुडघा, ठिगळाची पँट, दंडावर पिवळी फीत, हँडलला बादली, बादलीत कंदील.

"तुमच्याकडेपण आलं होतं का रे वादळ?" तिने विचारलं.

"छे छे. काही नाही, सगळं ठीक आहे."

"ये. पाय धू."

पुढची खोली ठीक होती. मागच्या स्वयंपाकघरात मात्र वर पाहिलं की थेट आभाळ दिसत होतं. दोघं चहाचे कप घेऊन तिथेच बसली आणि दोघांनी एकदमच वर पाहिलं.

"हवा छान येते," अक्का म्हणाली.

"उजेडही बराच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

चार थेंब पडले. अक्काने कपावर बशी झाकली. भाऊसाहेबांनीही झाकली. बशीवर थेंब टपटपत राहिले. भाऊसाहेब मनात शब्द जुळवत होते. ताडपत्री म्हटलं की मदत झाली, मदत झाली की खोळ आली.

"अक्का, माझी एक अडचण आहे," ते म्हणाले. "वाटेत लोकांनी सामान गळ्यात घातलं. परत जाताना सगळा चढ आहे. थोडं तुझ्याकडे ठेवू का?"

"ठेव की. पण जागा कुठे आहे?"

"ताडपत्री वर ठेवली तर? वर मोकळं आहे."

अक्काने वर पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "पसरून ठेवावी लागेल," ती म्हणाली. "घडीवर घडी पडली तर चिरते."

"पसरूनच ठेवू. चारही टोकांना दोर बांधू, नाहीतर उडून जायची. लोकांची वस्तू."

"हो बाई. लोकांची वस्तू सांभाळायला हवी."

अशा रीतीने, कुणीही कुणाला मदत न करता, छप्पर झालं. भाऊसाहेब शिडीवर आणि अक्का खालून शिडी धरून, "डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे" असं ओरडत. लहानपणी त्यांना सायकल शिकवताना ती असंच ओरडायची.

संध्याकाळी वारा सुटला. ताडपत्री एकदम फडाडली, आणि भाजी चिरत बसलेल्या अक्काच्या हातातली सुरी खाली पडली. तिने भावाचं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. वारा पडला तरी तिने ते सोडलं नाही.

"मी मशीनखाली बसले होते रे," ती म्हणाली. "छप्पर गेलं तेव्हा. अख्खी रात्र. फार भीती वाटली मला, छोट्या."

भाऊसाहेबांच्या घराण्यात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपला दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. "मलाही वाटली," ते म्हणाले. "तिकडे घरात बसून. सायकलची सहल वगैरे काही नाही अक्का. तुझ्यासाठीच आलो."

"माहीत आहे. गाढवा, तू कॉलेजात असतानासुद्धा कोपऱ्यावर बसने जायचास."

मग भाऊसाहेबांनी बायकोला फोन लावला. "कसं आहे तिकडे?" तिने विचारलं. भाऊसाहेबांनी सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात अक्काने फोन ओढून घेतला. "हे बघ," ती म्हणाली, "माझं मागचं छप्पर उडालंय, तुझ्या नवऱ्याचा गुडघा फुटलाय आणि मला इथे एकटीला भीती वाटते. ठेवते."

तिकडे बायको मटकन बसायलासुद्धा विसरली. या घरात पाय मोडला तरी सगळं ठीक असतं. तिथे इतकं सगळं सांगताहेत, म्हणजे प्रकरण केवढं असेल! तिने ताबडतोब सेक्रेटरींचं दार वाजवलं.

सकाळी भाऊसाहेब उठून बाहेर आले आणि दारातच थांबले. भिंतीला टेकवलेल्या सायकलवर खोळ होती. सीटपासून चाकांपर्यंत बेतून शिवलेली, आत स्वेटरांचं अस्तर, बाहेर सेक्रेटरींच्या फलकाचं कापड. हँडलवर 'वादळग्रस्तांसाठी' आणि मागच्या चाकावर 'सायकल'. म्हणजे अक्का पहाटेपासून शिवत होती. म्हणजे रात्रीचं सगळं झालं गेलं, आणि आता चहा पाजून त्यांची पाठवणी होती. ते पायरीवर बसून राहिले. गुडघा ठणकत होता, पण दुखत होतं ते भलतीकडेच.

दुपार व्हायच्या आत रस्त्यावर हाका ऐकू आल्या. पुढे बायको धावत येत होती, दंडाला पिवळी फीत, हातात घोंगडी. पुलावरच्या बाईंनी तिलाही विचारलं होतं, एकाच घरातले का, आणि तिने क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं होतं. मागून घामाघूम झालेले सेक्रेटरी. त्यांना हिरवी फीत मिळाली होती, पण त्यासाठी आधी बाईंनी त्यांच्याकडून पुलावरून पोती वाहून घेतली होती. भाषण तयार होतं, दम उरला नव्हता.

"काय झालं? अक्का, काय झालं?" बायकोने दारातूनच विचारलं.

अक्काने मशीनवरून मान वर केली. वर ताडपत्री होती, पायरीवर भाऊ होता, दारात भावजय होती. ती मनापासून हसली. "काही नाही गं," ती म्हणाली, "सगळं ठीक आहे."

बायको मटकन खाली बसली.

"अगं, खरंच ठीक आहे," भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले.

"तुमच्या घरात खरंच म्हणजे काय, ते आधी सांगा!" म्हणून ती रडायलाच लागली. तिला पाणी देऊन, छप्पर दाखवून, गुडघा दाखवून पटवण्यात बराच वेळ गेला. अक्काने तिला जवळ घेतलं आणि मागच्या खोलीला आता पत्रे घालायचे आहेत, गवंडी सांगून ठेवलाय, हाताखाली माणसं लागतील, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. बायको डोळे पुसत ऐकत राहिली. इतक्या वर्षांत या नणंदेने तिला एवढी माहिती एका वेळी दिली नव्हती.

भाऊसाहेबांच्या मनात मात्र एकच गोष्ट सलत होती. सगळे चहा पीत असताना त्यांनी हळूच विषय काढला.

"अक्का, सायकलला खोळ शिवलीस."

"हो तर. परत पाठवायची आहे ती. ते बघ, सेक्रेटरी नेतील चालवत." सेक्रेटरींच्या घशात चहा अडकला. "असल्या सीटवर माणूस बसवतात होय?"

"आणि मी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

अक्काने दाताने दोरा तोडला आणि त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं.

"तुझ्या मापाचं कापड नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "शिडी धर जा."